पिण्याच्या पाण्यातलं शिसं: पेल्यापासून मागे मागे शोधत जा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातली सगळी पाइपलाइन प्लास्टिकची, चार वर्षांपूर्वी नव्याने टाकलेली. तरीही स्वयंपाकघरातल्या नळाच्या सकाळच्या पहिल्या लिटरभर पाण्यात प्रयोगशाळेला 22 माइक्रोग्रॅम शिसं सापडलं. पाच मिनिटं नळ सोडून घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात लिटरमागे फक्त 2 निघालं. घरात तीन महिन्यांचं बाळ आहे आणि त्याचं पावडरचं दूध याच पाण्यात कालवलं जातं. प्लंबरचं म्हणणं, "पाइप प्लास्टिकचे आहेत, शिसं येईलच कुठून? फार तर चांगले जड पितळी नळ बसवून घ्या." आता काय बदलायचं, आणि नुसता फिल्टर लावून भागेल का?

आधी बाळाचं बघू. आजपासून त्याच्या दुधाला नळाचं थेट पाणी वापरू नका. शिसं काढण्यासाठी प्रमाणित असलेल्या फिल्टरचं घ्या, नाहीतर सीलबंद बाटलीचं. उकळून उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, शिसं जिथल्या तिथे राहतं, आणि पाणी आटल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं. गरम पाण्याच्या नळाचं पाणी पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी कधीच घेऊ नका, कारण गरम पाण्यात धातूतलं शिसं जास्त सहज उतरतं. हा अहवाल बाळाच्या डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यायची का, हे त्यांनाच विचारा. अंघोळीला, कपड्यांना, लादी पुसायला हे पाणी खुशाल वापरा. पाण्यातलं शिसं त्वचेतून अंगात शिरत नाही, पोटातून शिरतं.

बाळाचा विषय मी पहिला का घेतला, तेही सांगतो. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठी माणसं जेवढं शोषून घेतात, त्याच्या चार-पाच पट लहान मुलं शोषतात. बाटलीच्या दुधावरच्या बाळाचा तर सगळा आहारच पाण्यातून जातो. शिसं हाडांत कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. गरोदरपणात ते पुन्हा रक्तात उतरून पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतं. जागतिक आरोग्य संघटनेची लिटरमागे 10 माइक्रोग्रॅमची मर्यादा पुष्कळांना 'इथपर्यंत सुरक्षित' अशी रेघ वाटते. तसं नाही. शिशाची निर्धोक अशी कुठलीच पातळी सापडलेली नाही. 10 हा आकडा तात्पुरता म्हणून ठेवला आहे, कारण त्याखाली जाणं पाणीपुरवठ्याला व्यवहारात जड जातं. भारताच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस 10500 मध्येही हीच मर्यादा आहे, लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम. कॅनडाने 2019 मध्ये ती 5 वर आणली, आणि युरोपीय संघाने 2020 च्या निर्देशात 5 गाठण्यासाठी जानेवारी 2036 पर्यंतची मुदत दिली. म्हणून 22 चे 9 झाले की थांबायचं, असं मनाशी धरू नका. जितकं खाली नेता येईल तितकं न्या.

आता तुमचा अहवाल. दोन नमुने घेतलेत हे फार चांगलं केलंत, कारण चोर कुठे आहे हे त्या दोन आकड्यांतच सांगितलेलं आहे. पाच मिनिटांनंतरचं पाणी लांबून, बाहेरच्या लाइनमधून आलेलं. त्यात 2, म्हणजे पुरवठ्याचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ आहे. पहिला लिटर मात्र रात्रभर तुमच्या भिंतीत आणि नळात मुक्काम करून आलेला. आतून 13 मिलिमीटर व्यासाच्या पाइपात मीटरमागे साधारण 133 मिलिलिटर पाणी मावतं. म्हणजे लिटरभर पाणी हे नळ आणि त्यामागचा सहा-सात मीटर पाइप एवढं. त्यात तोटी, अँगल कॉक (नळाआधीची पाणी बंद करायची चावी) आणि जोडनळी यांच्या पोटातलं पाणी जेमतेम पहिलं पाव लिटर.

थोडा हिशेब करा. मागचं पाऊण लिटर पाणी प्लास्टिकच्या पाइपातलं, त्यात शिसं 2 च्याच दराने धरलं तर दीड माइक्रोग्रॅम झालं. मग 22 पैकी उरलेले साडेवीस माइक्रोग्रॅम पहिल्या पाव लिटरात आले. त्या पाव लिटराचं प्रमाण लिटरमागे 82! सकाळी उठून पहिला पेला भरणाऱ्याच्या पोटात 22 चं पाणी जात नाही, 82 चं जातं. हा अंदाज पक्का करायचा असेल तर एका रात्रीनंतर ओळीने चार बाटल्या भरा, प्रत्येकी 250 मिलिलिटर, मध्ये नळ बंद न करता, आणि वेगवेगळ्या तपासायला द्या. पहिलीत शिसं जास्त निघालं तर दोष नळाचा आणि त्याच्या जोडण्यांचा. तिसरी-चौथीत जास्त निघालं तर मागे भिंतीत काहीतरी आहे. खर्च चार तपासण्यांचा, पण भिंत फोडायची की नाही हे त्यावरूनच ठरतं.

नमुना घेताना तीन गोष्टी सांभाळा. आधी किमान सहा तास त्या घरात कुठेही पाणी वापरलेलं नको. नळाच्या तोंडाची जाळी काढू नका. आणि नळ रोज सोडता तसाच सोडा; बारीक धार धरली तर शिशाचे कण मागेच राहतात आणि आकडा फसवा खाली येतो. घरच्या घरी रंग बदलणाऱ्या पट्ट्यांच्या भरवशावर राहू नका, इतक्या कमी प्रमाणासाठी त्या कामाच्या नाहीत.

प्लंबरचं वाक्य अर्धं खरं आहे. पाइप प्लास्टिकचा आहे, पण नळ प्लास्टिकला थेट बसत नाही. भिंतीतून बाहेर येणाऱ्या एल्बोच्या (काटकोनी जोडाच्या) तोंडात बोट घालून बघा, आत पिवळा पितळी आटा, म्हणजे स्क्रूसारख्या खाचांचा भाग, ओतलेला दिसेल. त्यात एक पितळी निपल (आटे असलेला जोडतुकडा), निपलवर अँगल कॉक, तिथून जोडनळी. ती बाहेरून स्टीलच्या विणीची, आतून रबराची, पण दोन्ही टोकांच्या निपल बहुधा पितळी. मग नळाचं अंग. वीतभर अंतरात पितळाचे पाच-सहा तुकडे आणि त्या सगळ्यांत रात्रभर साचलेलं पाणी. घरातल्या लांबच लांब पाइपाकडे सगळे बघतात, या वीतभर तुकड्यांकडे कुणी बघत नाही, आणि तुमचे बहुतेक साडेवीस माइक्रोग्रॅम तिथलेच आहेत.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, हे शाळेत शिकलेलं. नळाच्या पितळात तिसरं शिसंही असतं, आणि ते मुद्दाम घातलेलं असतं. शिशामुळे लेथवर पितळ लोण्यासारखं कापलं जातं, बारीक चुरा होऊन पडतो, हत्यार झिजत नाही, आटे स्वच्छ पडतात. ओतकामात ते बारीक छिद्रंही भरून काढतं. म्हणून लेथकामाच्या नेहमीच्या पितळात साधारण 3 टक्क्यांपर्यंत शिसं सापडतं, ठोकून घडवलेल्या भागांत 2 टक्क्यांच्या आसपास. तांब्या-जस्तात शिसं विरघळत नाही, सूक्ष्म थेंबांच्या रूपात वेगळंच राहतं. कापताना हे मऊ थेंब हत्याराबरोबर ओढले जाऊन पृष्ठभागावर पसरतात. त्यामुळे एकूण धातूत 2 टक्केच असलं, तरी पाण्याला लागणाऱ्या आतल्या कातड्यावर त्याहून बरंच जास्त असू शकतं. नवा नळ पहिले काही आठवडे सगळ्यात जास्त शिसं सोडतो तो याचमुळे. बाहेरच्या चकचकीत क्रोमचा इथे काही उपयोग नाही, पाणी आतून वाहतं.

आता 'जड पितळी नळ' या सल्ल्याबद्दल. वजन हे टिकाऊपणाचं लक्षण असेल, शुद्धतेचं नाही. सगळ्यात भारी समजल्या जाणाऱ्या गनमेटलचंच घ्या: 85 टक्के तांबं आणि कथील, जस्त व शिसं प्रत्येकी 5 टक्के, हा त्याचा सर्वांत प्रचलित प्रकार. व्हॉल्व्ह, पाण्याचे मीटर, पंपाचे भाग त्यातून ओतले जातात, आणि पितळापेक्षाही त्यात शिसं जास्त. तेव्हा वजनावर जाऊ नका, धातूवर जा.

दुकानात विचारायचं काय? 'लेड फ्री' हा शब्द एकटा पुरेसा नाही. अमेरिकेत 1986 च्या कायद्याने 8 टक्क्यांपर्यंत शिसं असलेल्या जोडण्यांनाही 'लेड फ्री' म्हणायला मुभा दिली होती. 2011 मध्ये कायदा बदलला आणि 4 जानेवारी 2014 पासून ही मर्यादा 0.25 टक्के झाली. त्यामुळे जुन्या साठ्यातल्या डब्यावर तोच शब्द असला तरी आतला माल वेगळा असू शकतो. शिवाय 0.25 ही पाण्याला लागणाऱ्या सगळ्या भागांची भारित सरासरी आहे. ओल्या पृष्ठभागापैकी 95 टक्के भाग 0.1 टक्का शिशाचा आणि 5 टक्के भाग 2 टक्के शिशाचा असेल, तर सरासरी 0.195 येते आणि नळ पास होतो. म्हणून मी दोन खुणा मागतो. दोन्ही एनएसएफ या अमेरिकी मानक संस्थेच्या. एनएसएफ 372 ही धातूत किती शिसं आहे ते सांगते. एनएसएफ 61 ही प्रत्यक्ष पाण्यात किती उतरतं ते सांगते, आणि पिणाऱ्याला खरी कामाची हीच. या 61 मध्ये शेवटच्या टोकाच्या नळांसाठी उतरणाऱ्या शिशाची मर्यादा 5 माइक्रोग्रॅमवरून 1 वर आणली आहे. डब्यावर किंवा माहितीपत्रकात '1 किंवा कमी' या अर्थाची नोंद दिसली तर तो नळ डोळे झाकून निवडा.

युरोपीय धर्तीच्या जोडण्यांवर मिश्रधातूचा क्रमांकच अनेकदा ठोकलेला असतो. सीडब्ल्यू 617एन दिसलं तर शिसं 2 टक्क्यांच्या आसपास. सीडब्ल्यू 510एल मध्ये जास्तीत जास्त 0.2 टक्के, आणि सीडब्ल्यू 724आर हे सिलिकॉन घातलेलं पितळ, त्यात 0.1 पेक्षा जास्त नाही. सीडब्ल्यू 602एन किंवा 'डीझेडआर' या शिक्क्याने चांगले चांगले फसतात. हे पितळ पाण्यात जस्त गमावत नाही म्हणून ते उत्तम समजलं जातं, आणि त्या बाबतीत ते आहेच, पण शिसं त्यातही 2 टक्क्यांच्या घरात असतं. जस्ताची काळजी घेतलेली असली म्हणून शिशाची घेतली असं होत नाही.

पितळाचा नादच सोडायचा असेल तर दोन रस्ते आहेत. एक, 304 किंवा 316 स्टेनलेस स्टीलचा नळ. मात्र 'स्टीलचा' म्हणून विकल्या जाणाऱ्या काहींच्या पोटात पितळी अंग असतं आणि वर स्टीलचं कवच, म्हणून अंग पूर्ण स्टीलचं आहे का हे विचारून, जमलं तर उलटा करून आत बघून घ्या. दुसरा, ज्याच्या आतून प्लास्टिकची नळी सरळ तोंडापर्यंत जाते आणि पाणी धातूला जवळजवळ लागतच नाही असा नळ. मला स्वतःला स्वयंपाकघरासाठी हा दुसरा प्रकार जास्त पटतो.

सगळं घर बदलायची गरज नाही. पेल्यापासून मागे मागे या. सगळ्यात आधी पिण्याचा नळ, मग त्याची जोडनळी, अँगल कॉक, निपल, आणि शेवटी भिंतीतला एल्बो. नळाचा दांडा, बाहेरचे नट, आधाराच्या पट्ट्या पाण्याला लागतच नाहीत, त्यांच्यावर पैसे घालू नका. शॉवर, फ्लशची टाकी, बागेचा नळ तसेच राहू द्या. बेसिनचा नळ मात्र यादीत घ्या, मुलं तिथे चूळ भरता भरता पाणी पितात. आणि बदलताना तुकडेच कमी करा. निपलला सॉकेट, सॉकेटला रिड्यूसर, त्यावर आणखी एक कॉक, अशा रांगा जिथे एका योग्य मापाच्या तुकड्याने मिटतात तिथे तसं करा.

काम करताना आट्यांवर टेफ्लॉन टेप लावा. सूत आणि सफेदा लावायची पद्धत असेल तर तो सफेदा कशाचा आहे हे बघितल्याशिवाय लावू देऊ नका, जुना पारंपरिक सफेदा म्हणजे शिशाचं कार्बोनेटच. तांब्याच्या पाइपाचं घर असेल तर सोल्डरची रीळ स्वतः हातात घेऊन वाचा. हाँगकाँगमध्ये 2015 साली 11 सार्वजनिक वसाहतींच्या पाण्यात शिसं सापडलं, मुळाशी तांब्याच्या पाइपांच्या सांध्यांतलं शिशाचं सोल्डर होतं, आणि कंत्राटात ते वापरायला मनाई असूनही ते वापरलं गेलं होतं. कागदावर अट असणं आणि रिळीवर नसणं, यात फरक तिथल्या हजारो कुटुंबांनी भोगला.

नवे भाग बसले की तोंडाची जाळी काढा आणि नळ पूर्ण सोडून अर्धा तास पाणी वाहू द्या. आटे कापताना पडलेला कीस, जुने सुटलेले कण यातून निघून जातात. जाळी धुऊन परत लावा, आणि पुढेही महिन्यातून एकदा ती उघडून धुवा. जाळीत अडकलेला राखाडी कीस येणाऱ्या प्रत्येक पेल्यात थोडा थोडा उतरत असतो. नव्या नळाचे पहिले काही आठवडे सकाळचं पहिलं पाणी पिऊ नका, भांड्यांना वापरा. घरातला जुना धातूचा पाइप काढून प्लास्टिक टाकणार असाल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. काही घरांत विजेचं अर्थिंग त्याच पाइपावर जोडलेलं असतं, आणि पाइप मध्येच तुटला की ते संरक्षण जातं.

तुमच्या घरात शिशाचे पाइप नाहीत, पण वाचणाऱ्या कुणाकडे असतील तर एवढं लक्षात ठेवा: नखाने किंवा नाण्याने खरवडल्यावर चंदेरी चमकणारा, मऊ, लोहचुंबक न चिकटणारा पाइप शिशाचा. तो अर्धा बदलून तांब्याला जोडू नका. दोन धातूंच्या सांध्यावर गंज वाढतो आणि हलवाहलवीने आतले थर सुटून काही काळ शिसं वाढतंच. बदलायचा तर पूर्ण बदला. जुना जीआय, म्हणजे जस्ताचा लेप दिलेला लोखंडी पाइपही निर्दोष नसतो. त्याच्या जस्ताच्या लेपात शिशाचा अंश असायचा, आणि गंजाचा थर वरून आलेलं शिसं धरून ठेवून पुढे सोडत राहतो.

प्लास्टिकमध्येही एक पोटभेद आहे. पीव्हीसी तापवून घडवताना ते जळू नये म्हणून पूर्वी त्यात शिशाचे क्षार घालत. युरोपातल्या उत्पादकांनी 2015 अखेर ते बंद केले आणि भारतात त्यांवर निर्बंध आणणारे नियम 2021 साली आले. तुमच्या दुसऱ्या नमुन्यातले 2 पाइपातून येतात की पुरवठ्यातून, हे बघायचं असेल तर घरात शिरणाऱ्या लाइनच्या पहिल्या तोंडाशी एक नमुना घ्या. पुढे कधी लाइन बदलायची वेळ आली तर एचडीपीई, पीपीआर किंवा पेक्स या प्रकारचं प्लास्टिक निवडा, त्यांना शिशाचे क्षार लागतच नाहीत.

अहवालात पीएच, क्षारता आणि क्लोराइडचे आकडेही मागून घ्या. आम्लधर्मी, मृदू, क्लोराइड जास्त असलेलं पाणी पितळ खातं. अमेरिकेत फ्लिंट शहराने एप्रिल 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि गंजरोधक फॉस्फेट घातलं नाही. पाइप तेच, पाणी तेवढं वेगळं, आणि शिसं घराघरांत उतरलं. स्वतःची विहीर किंवा बोअर असेल आणि पीएच 7 च्या खाली असेल, तर कॅल्साइटच्या (चुनखडीच्या खनिजाच्या) थरातून पाणी सोडून त्याची आम्लता कमी करता येते. आपल्या मनाने टाकीत काही ओतू नका.

आता फिल्टर. हो, लावा, पण भाग बदलेपर्यंतचा पूल म्हणून, आणि बाळ लहान आहे तोवर नंतरही. कार्बन फिल्टरवर एनएसएफ 53 आणि त्याच्या यादीत 'शिसं' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. हे मानक अनेक दूषकांसाठी आहे. नुसता 53 चा शिक्का शिशाची हमी देत नाही. आरओवर एनएसएफ 58 हवं. यूव्ही दिवा आणि मेणबत्तीसारखी गाळणी विरघळलेलं शिसं काढत नाहीत, आणि सॉफ्टनरवरही शिशासाठी विसंबू नका. फिल्टरचं काडतूस (कार्ट्रिज) मुदतीत बदला.

आरओबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आरओच्या पाण्यातले क्षार निघून गेल्यामुळे ते धातू जास्त खातं. त्या शुद्ध केलेल्या पाण्याच्या वाटेत शेवटी पितळी तोटी बसवली, की शिसं काढलेल्या पाण्यात शिसं परत मिसळतं, आणि यंत्र उत्तम चालूनही पेल्यातला आकडा वर येतो. म्हणून आरओच्या पुढची नळी आणि तोटी प्लास्टिकची किंवा स्टीलचीच असू द्या, आणि नमुना यंत्रातून नाही, तोटीतून घ्या.

भाग बदलल्यावर सहा ते आठ आठवडे जाऊ द्या आणि त्याच नळावर, तितकेच तास पाणी थांबवून, पहिल्या पाव लिटराची आणि सोडलेल्या पाण्याची तपासणी पुन्हा करा. दोन्ही आकडे 2 च्या आसपास जुळले तर नळाचं काम झालं. पहिला अजूनही वर असेल तर भिंतीतल्या पितळी आट्याच्या एल्बोची पाळी, आणि तिथे मात्र टाइल फोडावी लागेल.